काना कुठं होता?

आमच्या गावात पहिला खडा पडला तो 'कमळ' या शब्दावर.

गाव असोद्यापासून कोसभर आत. साल छप्पन सरत आलं होतं, कपाशीची शेवटची वेचणी चालली होती आणि सरकारनं मोठ्या माणसांना शिकवायला एक मास्तर धाडला होता. मोतीलाल मास्तर, पारोळ्याकडचा. सकाळी त्याची पोरांची शाळा, म्हणून आमचा वर्ग भर दुपारी, बैल सुटल्यावर, मारुतीच्या मागच्या निंबाखाली. माणूस काडीसारखा, पण आवाज असा की त्यानं 'अ' म्हटलं की दोन शेतांपलीकडची मोट थांबायची. खोटं वाटत असेल तर त्या मोटेच्या बैलांना विचारा. आता ते हयात नाहीत, ते वेगळं.

तर त्या दिवशी धुरपदाबाई वाचत होती. साठीची म्हातारी, पण जिभेला गंज नाही. पुस्तकात होतं, 'कमळ बघ.' तिनं सरकी टोबावी तसं एकेक अक्षर बोटानं टोबलं आणि म्हणाली, "कमय बघ." मग मान वर करून मास्तरकडे बघत राहिली.

"पुढं वाच ना, अक्का," मास्तर म्हणाला.

"पुढं कशी जाऊ? कोन सांगून राह्यलं मले, कमय बघ म्हनून? अन् कुठी बघू? गावात एक डबकं, तेच्यात म्हशी बसल्या."

आम्ही पोट धरून हसलो. मास्तर मात्र हसला नाही. तो ताडकन उठला, खाली वाकून एक खडा उचलला आणि धुरपदाबाईच्या पुस्तकावर ठेवला. त्याला जोर चढला की त्याची पारोळ्याची बोली बाहेर पडायची.

"थांबा! बठ्ठा थांबा! धुरपदाअक्कानी खरी गोट सांगी! आतेपासून नुसतं वाचानं नही. ज्याले शंका येई, त्यानी पुस्तकवर खडा ठेवाना. वाचणारानी थांबाना!"

दुसऱ्या दिवशी त्यानं गिरणेच्या पात्रातले तीन गुळगुळीत खडे आणले. काळा, तांबडा, पांढरा. काळा ठेवला की विचारायचं, कोण बोलतंय? तांबडा ठेवला की, कशावरून? आणि पांढरा ठेवला की, राहिलं काय? म्हणजे लिहिणारानं सांगायचं काय टाळलं? एवढीच विद्या. पण ती गावात अशी पसरली, अशी पसरली की देवीची साथ झक मारते!

बाजारात एक जण 'सर्व रोगांवर एकच गोळी' असा कागद वाटत होता. आमच्या वर्गातल्या चौघांनी त्याला निंबाखाली आणला आणि तांबडा खडा पुढं ठेवला. कशावरून? गडी अर्ध्या घटकेत गोळ्यांची पेटी विसरून पळाला. कुणाच्या घरी सोयरिकीचं पत्र आलं, 'मुलगी गृहकृत्यदक्ष आहे.' काळा खडा! कोण बोलतंय? मुलीचा बाप. पांढरा खडा! राहिलं काय? वय राहिलं. पुना कोतवाल दवंडी द्यायला निघाला की पोरंसोरंसुद्धा त्याच्या मागं, "पुनाभाऊ, कशावरून? पुनाभाऊ, कशावरून?" बिचाऱ्यानं एकदा हलगी खाली ठेवली आणि म्हणाला, "बाप्पाहो, मले काय माहीत? मी नुसता वाजवतो!"

या सगळ्यात सर्वात पेटला होता उखर्डू. पितांबर नानाचं कूळ. सहा बिघे मळा, दोन बिघे माळ. उखर्डूला वाचता येत नव्हतं, अक्षर दिसलं की त्याला जांभई यायची. पण खडा ठेवायला सर्वात पुढं. त्याची बायको शेवंताबाई अगदी उलट. तोंडातून शब्द निघायचा नाही, पण पाटीवर खाली मान घालून घोटत बसायची. नवऱ्याकडं तोंड, बायकोकडं अक्षरं. दोघं मिळून एक शहाणा माणूस, असं मी म्हणायचो. धुरपदाबाई म्हणायची, "दोघं मियून आबा, तुमच्यापेक्षा तं दीड."

शेवंताबाईचं एकच दुखणं होतं. काना.

एकदा मास्तरनं शब्द सांगितला, "माळ." आम्हा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या लोकांच्या तोंडात ळ टिकत नाही, त्याचा य होतो. डोळ्याचा डोया, केळीची केयी. माळाला आम्ही माय म्हणणार आणि मळ्याला मया. निम्म्यांनी पाटीवर 'माय' लिहिलं. मास्तरनं विचारलं, "ही कोनती माय? जन्म देणारी, का गोटा देणारी?" मग त्यानं ळ गिरवून दाखवला. शेवंताबाईनं जीभ दातात धरून ळ काढला, सुंदर काढला, आणि काना दिला तो ळच्या पुढं. 'मळा.'

"अक्का, तू तं गावले सावकार करी टाकं!" मास्तर हसत म्हणाला. "एक काना इकडून तिकडं सरकावा आन कुसळाच्या माळाचा केळीचा मळा व्हयना! इतकं सोपं असतं तर मी पाटी घेऊन बठ्ठा जिल्हा फिरतो ना!"

वर्ग हसला. उखर्डू सर्वात मोठ्यानं हसला. शेवंताबाईनं पदरानं तो काना पुसला, आणि मी बघत होतो, तिचे कान तांबडेलाल झाले होते. त्यानंतरही कधी काना चुकला की कुणीतरी म्हणायचंच, "शेवंताचा मया सरकला रे!"

फाल्गुन लागला. ऊन असं की कावळे चोच उघडी टाकून मोटेच्या थारोळ्यावर हक्कानं बसायचे. येत्या एक एप्रिलपासून कसेल त्याची जमीन होणार अशी बोलवा होती. पुनानं दवंडी दिली होती आणि पहिल्यांदाच त्याला कुणी 'कशावरून' विचारलं नव्हतं.

उखर्डू त्या दिवशी मोट हाकत होता. मी बांधावरच्या बाभळीखाली पाणी प्यायला बसलो होतो. विहीर उखर्डूच्या बापानं खणलेली. सुरुंगाच्या दगडानं त्याच्या पायाचं एक बोट नेलं. ते बोट अजून तळाशी आहे म्हणून पाणी गोड लागतं, असं मी पोरांना सांगतो. बैल धावेवरून, विहिरीपासूनच्या उतारवाटेवरून, उतरायचे, उखर्डू नाड्यावर बसून त्यांच्यासोबत खाली यायचा, मोट वर येऊन भळकन थारोळ्यात ओतायची आणि पाणी पाटानं केळीत जायचं. तिकडं शेवंताबाई कुदळीनं एकेक वाफा फोडून पाणी वळवत होती. गुडघ्यापर्यंत चिखल.

सायकलवरून भाईदास आला. पितांबर नानाचा कारभारी. तोंडात पान, खांद्याला पिशवी, पिशवीत कागद आणि शाईची डबी.

"उखर्डू, ये बाबा, या राजीनाम्यावर अंगठा देऊन टाक. बोलणं झालंच आहे. तो माळ सोडतोस ना? नानाला खळं करायचंय तिथं."

बोलणं झालं होतं हे खरं. माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, आणि नाना स्वतः गाडीतून उतरून घरी आला होता, म्हणून उखर्डू हो म्हणाला होता. त्यानं बैल थांबवले, ओले हात धोतराला पुसले आणि ऐटीत म्हणाला, "वाच तं खरं. आमी आता नुसता आंगठा देत नही."

भाईदासनं कागद उलगडला. "लिहून देणार उखर्डू वल्द सोनजी, लिहून देतो ऐसा जे, मजकडे कुळवहिवाटीस असलेला माळ मी आपल्या राजीखुशीने, कोणाचे दडपण नसता, सोडून देत आहे. हे लिहून दिले. झालं."

"काया खडा!" उखर्डू ओरडला. खडा नव्हता, म्हणून त्यानं ढेकूळ उचललं. "कोन बोलून राह्यलं हे?"

"तूच."

"मी? 'दडपण नसता'? हा शब्द मीनं जन्मात तोंडात घेतला नही!"

भाईदासनं पिंक टाकली. पिंक उखर्डूच्या पायाशी पडली, थोडी पायावरही. "कागद असाच बोलतो रे. तुझ्यासारखा बोलायला लागला तर मामलेदार हसून मरेल. दहा जणांत तुझी वाणी ऐकवायची आहे का? 'मी माय सोडतो' म्हणून?"

उखर्डूनं पायाकडे पाहिलं. ढेकूळ हातातून सुटलं. भाईदासनं त्याचा अंगठा वासराचा कान धरावा तसा धरला, डबीत बुडवला आणि कागदावर दाबून इकडून तिकडं फिरवला. तेवढ्यात शेवंताबाई कुदळ घेऊन आली. भाईदास शाई वाळवायला कागदावर फुंकर मारत होता. तीन फुंकरा. तेवढाच वेळ कागद तिच्या डोळ्यांसमोर होता. मग घडी, पिशवी आणि सायकल.

"बुधवारी मामलेदार चावडीवर येणार आहेत. विचारतील, खुशीनं सोडतोस का? हो म्हण, म्हणजे झालं."

उखर्डू मातीनं अंगठा घासत बसला. शाई निघेना. शेवंताबाई तिथंच उभी. कुदळीचा चिखल निपटून म्हणाली, "ऐकलं का... काना मांगं होता."

"काय?"

"मच्या पुढं नव्हता. ळच्या पुढं होता."

"तुहा काना तं नेहमीच मांगं असतो," उखर्डू म्हणाला आणि बैलांवर ओरडला.

दुपारी वर्ग भरला तेव्हा तिनं काही न बोलता पाटी घेतली, 'मळा' लिहिलं आणि मास्तरसमोर ठेवली. उखर्डूनं घडलेलं सांगितलं. एकदम कालवा झाला.

"शेवंता, तुले नीट दिसलं का?"

"फुंकर मारता मारता काय दिसते व?"

"तुले तं पुस्तकातला मायही मयाच दिसते!"

शेवंताबाईच्या ओठावर घाम आला. "चुकलं असंन माहं," ती म्हणाली. "माहं नेहमीच चुकते. पन मले दिसलं."

मास्तरनं तांबडा खडा तिच्या पाटीवर ठेवला. हळूच, अंड्यासारखा. "कशावरून? तिचं चुकलं, हे कशावरून? आन तिनं बरोबर वाचलं, हे तरी कशावरून? कागद समोर नही. मग आपल्याजवळ काय शे? शोधा!"

मी उठलो. "मी सांगतो. मी बाभळीखाली होतो. भाईदासचं बोट अर्ध्या कागदावर असतानाच वाचणं संपलं. खालच्या दहा-बारा ओळी त्यानं वाचल्याच नाहीत."

धुरपदाबाईनं काळा खडा उचलला आणि माझ्यासमोर आपटला. "कोन बोलतंय? तोताराम आबा! ज्यानं गेल्या साली सांगतलं का असोद्याच्या बाजारात वांगं बोललं!"

काय सांगू, असा हशा झाला! आयुष्यात एकदा खरं बोललो आणि माझ्याच वांग्यानं मला खाल्लं. पण तेवढ्यात उखर्डू आपला काळा अंगठा डोळ्यांसमोर धरून ओरडला, "आबा खरं बोलून राह्यले! मीनं आंगठा देला तो पार खाली! अन् त्यानं 'झालं' म्हटलं तवा बोट वर होतं! मधातलं राह्यलं! पांढरा खडा, मास्तर, पांढरा! राह्यलं काय?"

निंबाखाली एक जण बसून राहिला नाही. मधे काय असेल? हद्दी असतील. कशाच्या? जे सोडलं त्याच्या. मग हद्दी खोटं बोलणार नाहीत! माळाच्या हद्दी वेगळ्या, मळ्याच्या वेगळ्या. माळाला विहीर नाही! माळाला केळी नाही! धुरपदाबाई तर टाळ्याच वाजवायला लागली.

"मास्तर, तुमीच या बुधवारी. तुमी वाचा," उखर्डू म्हणाला.

"मी वाचलं तर नाना म्हणेल, मास्तरनं पढवलं. खरं शे का नही? तुझा अंगठा, तुझं घर. वाचायचं शेवंताअक्कानं."

शेवंताबाईनं पाटी छातीशी धरली. चारचौघांत काना चुकला तर मळा जाणार. आणि मळा नाही गेला तरी नानाची मर्जी जाणार, आणि उभ्या गावात 'मया सरकला' हे नाव कायमचं चिकटणार. ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

बुधवारला चार दिवस होते.

ते चार दिवस त्या घरानं जसे काढले, तसे माणसं लढाईच्या आधी काढतात, असं मी ऐकलं आहे. पहाटे मोट, दुपारी वर्ग, उन्हं कलली की पुन्हा मोट. पाणी वळवता वळवता शेवंताबाई कुदळीच्या टोकानं ओल्या मातीत लिहायची, माळ, मळा, माळ, मळा. पाणी येऊन पुसून टाकायचं, ती पुढच्या वाफ्यात पुन्हा लिहायची. बैलाच्या कुशीवर ओल्या बोटानं लिहायची; बैल कातडी थरथरवून पुसून टाकायचा. भाकरी थापताना पिठात. त्या चार दिवसांत उखर्डूनं खाल्लेल्या प्रत्येक भाकरीवर काना होता. हे मी शपथेवर सांगतो.

पण छापील अक्षर वेगळं आणि भाईदासचं वळण वेगळं. चावडीच्या भिंतीवर मागच्या यात्रेच्या वर्गणीचा एक कागद चिकटवलेला होता, भाईदासच्या हातचा. शेवंताबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या कागदासमोर उभी राहायची. मानेवरून घाम ओघळतोय, भारा डुगडुगतोय, आणि ही बघतेय. त्याचा ळ कसा, वेटोळं घातलेल्या सापासारखा. त्याचा काना कसा, आखूड, मोडक्या काडीसारखा. पुनानं एकदा हटकलं, "अक्का, वर्गणी देली नव्हती का?"

"देली. पन कोनाले देली ते वाचून राह्यली," ती म्हणाली. पुना म्हणे त्या दिवसापासून तो कागद कुणी फाडू नये म्हणून आडवा हात धरून राखायचा.

बुधवारी मामलेदाराची जीप आली. धूळ एवढी उडाली की निम्म्या कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात गेल्या. चावडीच्या ओसरीवर टेबल मांडलं. पितांबर नाना खुर्चीवर, पांढरं धोतर, हातात रुमाल. भाईदास बाजूला कागद घेऊन. मामलेदार तरणा होता, चष्मा घातलेला, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. आमचा वर्ग अंगणात उभा. मास्तर सर्वात मागं, अंगणाच्या भिंतीला टेकून, जसा काही ओळखच नाही.

"उखर्डू सोनजी. हा अंगठा तुमचा?"

"माहाच."

"जमीन खुशीनं सोडता? कोणाचं दडपण?"

उखर्डूचं तोंड उघडं राहिलं. एरवी ज्याचं तोंड मिटत नव्हतं तो गडी! त्यानं वळून बायकोकडे पाहिलं. शेवंताबाई बायकांमधून पुढं झाली. पायऱ्या तीनच, पण मला वाटलं ती किल्ला चढतेय. टेबलापाशी आली, मूठ उघडली आणि मास्तरचा पांढरा खडा त्या शिक्क्याच्या कागदावर ठेवला.

टक्.

"हे काय?" मामलेदार म्हणाला.

"साहेब, बाई अडाणी आहे," भाईदास घाईनं म्हणाला. "ए शेवंता, बायकांनी मधे येऊ नये. उचल तो दगड."

"थांबायचा खडा हाये साहेब. राह्यलं काय, ते विचारतो," शेवंताबाईचा आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नाही. "आंगठा माह्या घरचा. कागद मी वाचीन."

नाना हसला. "वाचू द्या ना. निदान करमणूक होईल."

मामलेदारानं तिच्याकडे पाहिलं, खड्याकडे पाहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिनं बोट ठेवलं. "लि... हू... न..." उन्हात माणसं उभी होती, पण कुणी घामसुद्धा पुसला नाही. "दे... णा... र..." एक ओळ. दुसरी ओळ. नानानं रुमालानं वारा घेतला. भाईदास जांभई दिल्यासारखं करत होता, पण त्याचा पाय हलत होता, ते मी पाहिलं. "कु... ळ..." ळ तिनं असा म्हटला की मास्तरनं मागं डोळे मिटले. "अ... स... ले... ला..." आणि बोट थांबलं.

"म," ती म्हणाली.

बोट पुढं जाईना.

"माळ," भाईदास म्हणाला. "माळ आहे ते. सगळ्या गावाला माहीत आहे हिला काना कळत नाही. साहेब, हिच्या वर्गात विचारा."

मामलेदारानं अंगणाकडे पाहिलं. आम्ही माना खाली घातल्या. कशावर बोलणार? खरंच होतं.

शेवंताबाईनं बोट उचललं, पदरानं पुसलं, पुन्हा ठेवलं. "मच्या पुढं काना नही," ती म्हणाली. आता आवाज मागपर्यंत आला. "मच्या पुढं ळ हाये. सापावानी. ळच्या पुढं काडी. मोडकी. म... ळा. मळा! साहेब, अठी मळा लिव्हला!"

मामलेदार वाकला. चष्मा वर केला. "मळा," तो म्हणाला.

असा गलका झाला की चावडीच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट जळगावला जाऊन बसली. भाईदासनं हात जोडले. "साहेब, लेखणीची चूक. घाईत काना सरकला. माळच म्हणायचं होतं. आत्ता दुरुस्त करतो, एका कान्याचं काम."

आणि इथं मला सांगायला पाहिजे, की गोष्ट इथं संपली असती. मामलेदार 'ठीक आहे' म्हणण्याच्या बेतात होता. चूक कुणाची होत नाही? शेवंताबाईची तर रोज होत होती. पण उखर्डूला तोंड फुटलं.

"तांबडा खडा!" तो ओरडला. "चूक हाये, हे कशावरून? साहेब, तिले पुढं वाचू द्या! यानं मले पुढचं वाचलंच नव्हतं!"

"पुढं हद्दी आहेत नुसत्या," भाईदास म्हणाला.

"वाचा," मामलेदार म्हणाला.

शेवंताबाई वाचू लागली. आता ती थांबत नव्हती. अक्षरं टोबत नव्हती, पाटाला पाणी लागावं तशी जात होती. "पू...र्वेस नाला. पश्चि... पश्चिमेस गाडीवाट. आतील वि...हीर, थारोळे, धाव, यासह. उभ्या के...ळीसह."

तिनं मान वर केली. भाईदासकडं पाहिलं. जन्मात तिनं परक्या पुरुषाकडं असं पाहिलं नसेल.

"भाईदासभाऊ, मायावर धाव कुठी हाये?"

"मायावर विहीर!" अंगणातून धुरपदाबाई किंचाळली. "मायावर केयी! दाखवा वं माय, मले बी दाखवा! मी येते केयी खायाले!"

"एक काना सरकला," उखर्डू म्हणाला, "अन् त्याच्या मांगं विहीर बी सरकत गेली का रे? माह्या बापानं खनलेली?"

लोक हसत होते, ओरडत होते, पुना कोतवालानं तर न सांगता हलगी वाजवली. नानाच्या हातातला रुमाल ओला झाला होता. तो भाईदासला म्हणाला, "तू लिहिलंस, तू निस्तर," आणि पाणी मागितलं. कुणी आणायला गेलं नाही. सगळे ऐकण्यात गुंतले होते.

मामलेदारानं टेबलावर हात आपटून गप्प केलं. "उखर्डू सोनजी, नीट सांगा. मळा सोडता?"

"नही."

"आणि माळ?"

उखर्डूनं बायकोकडं पाहिलं. तिनं मान हलवली, इतकीशी.

"माय बी नही," उखर्डू म्हणाला. "आता कुसय बी सोडत नही, साहेब."

मामलेदार कागदाखाली लिहायला लागला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, "सदर कागद कुळास वाचून दाखविला असता कूळ नाकबूल. राजीनामा नामंजूर." मग त्यानं लेखणी शेवंताबाईपुढं धरली. "वाचून दाखवणाऱ्याची सही लागते. अंगठा नको."

शेवंताबाईनं लेखणी धरली ती कुदळीसारखी. वाकली. जीभ दातात. ऊन, माशा, जीप, नाना, कशाचं तिला भान नव्हतं. एकेक अक्षर. शे. वं. त. बा. ई. लेखणी ठेवली आणि एवढा मोठा श्वास सोडला की कागद फडफडला.

मामलेदारानं सही पाहिली. ओठ दाबले. मग त्यानं बाजूला पडलेला तो पांढरा खडा उचलला आणि तिच्या सहीवर ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "राहिलं काय?"

तिनं वाकून पाहिलं. बोट फिरवलं. शे, वं, त... तिचे कान तांबडेलाल झाले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मया सरक..." आणि धुरपदाबाईनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

शेवंताबाईनं खडा बाजूला केला. लेखणी शाईत बुडवली, झटकली. आणि त आणि बा यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत, बांधावर खुंटा ठोकावा तसा, वरपासून खालपर्यंत सरळ, तिनं काना ठोकला.